एक दात मागे

पुण्यात धनकवडीला राहणाऱ्या एका कुटुंबाची हिशेबाची वही आहे. तिच्यातल्या २००९ सालच्या एप्रिल, मे आणि जून महिन्यांच्या पानांवर किराणा, दूध, वीज यांच्यापेक्षा गाडीच्या नोंदी जास्त दिसतात. ‘हेडचे काम ५,८००. प्लग तीन नग २१०. प्लगच्या वायरी ३५०. कार्बोरेटर सफाई व किट १,१००. पेट्रोल पंप ७००.’ गृहिणीच्या बारीक, सुवाच्य अक्षरातल्या या नोंदी वाचल्या की त्या घराने तो उन्हाळा कसा काढला असेल याची कल्पना येते. पैसे जात होते, पण गाडी काही चढ चढत नव्हती.

गाडी म्हणजे १९९६ सालची पांढरी मारुती ८००. घरातले कर्ते गृहस्थ बँकेत रोखपाल होते. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांची आई, म्हणजे मुलांची आजी, वाईजवळच्या गावी राही. वय शहात्तर, हृदयाचे दुखणे, दर महिन्याला पुण्यात तपासणी. आजीला पुण्यात कायमचे आणायचा प्रयत्न दोनदा झाला होता. पण आठ दिवसांत तिला घर, अंगण आणि दारची म्हैस आठवू लागे. मग दर महिन्याला तिला आणायचे आणि पोचवायचे. एस.टी.च्या उंच पायऱ्या चढताना तिला धाप लागे. एकदा स्वारगेटला ती पायरीवरच मट्कन बसली. त्या दिवशी बाबांनी ठरवले, गाडी घ्यायची. जानेवारी २००९ मध्ये एक मुदत ठेव मोडून त्यांनी शेहेचाळीस हजारांना ही गाडी घेतली.

मध्यमवर्गीय घराला या गाडीचे अप्रूप किती होते हे वेगळे सांगायला नको. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली आणि पुढच्या तीस वर्षांत या गाडीने लाखो कुटुंबांना स्कूटरवरून उतरवून चारचाकीत बसवले. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे छोटेसे इंजिन. ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आतली. पण गाडीच वजनाने हलकी, त्यामुळे ते पुरेसे होई. पहिले तीन महिने या गाडीनेही तक्रारीला जागा ठेवली नाही. आजी पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसे आणि खंबाटकीचा घाट आला की हात जोडे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढून जाई.

एप्रिलमध्ये रेडिएटरला बारीक गळती लागली. ती कुणाच्या लक्षात आली नाही. कात्रजच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेत गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. हेड गॅस्केट गेले होते. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा भाग म्हणजे ब्लॉक; या दोहोंच्या मधला पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. इंजिन फार तापले की हेड किंचित वाकते, गॅस्केट जळते आणि थंडाव्याचे पाणी नको तिथे शिरते.

गल्लीच्या तोंडाशी एका पंचवीस वर्षांच्या मुलाने नुकतेच गॅरेज टाकले होते. दोन गाड्या मावतील एवढी जागा, वर पत्रा. बाबांनी गाडी त्याच्याकडे ढकलत नेली. मुलाने हेड उतरवले, लेथवाल्याकडे पाठवून घासून सपाट करून आणले, नवे गॅस्केट बसवले, रेडिएटर झाळून घेतला. चौथ्या दिवशी, शुक्रवारी रात्री नऊ वाजता गाडी दारात उभी केली. शनिवारी सकाळी आजीला आणायचे होते. बाबांनी पैसे मोजून दिले, मुलाच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू तर पहिल्या फटक्यात झाली. पण शहराबाहेर पडल्यावर बाबांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग वाढत नसे. साठच्या पुढे काटा जाईना. खंबाटकीला दुसरा गिअर टाकावा लागला, मग पहिला. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले. ‘नवीन काम आहे, बसायला वेळ लागेल,’ अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पण इंजिन बसले नाही. लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी बारावर आली. मग सुरू झाला तो प्रत्येकाच्या सल्ल्याचा सिलसिला. बँकेतला सहकारी म्हणाला प्लग बदला, प्लग बदलले. शेजारचे म्हणाले प्लगच्या वायरी जुन्या असतील. बाबा नाना पेठेत जाऊन वायरी घेऊन आले. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटरकडे बोट दाखवले, तिसऱ्याने पेट्रोल पंपाकडे. प्रत्येक वेळी गाडी एखादा दिवस बरी वाटे. म्हणजे खरे तर बाबांना ती बरी वाटावी असे वाटे. चढ आला की भ्रम मिटे.

गल्लीतल्या मुलाकडे बाबा दोनदा गेले. तो बिचारा बॉनेट उघडून ऐके, काहीतरी फिरवी आणि म्हणे, ‘काका, माझ्या कामात काही नाही. हेड चांगलं बसलंय. पाणी कमी होतंय का? तेल पांढरं झालंय का? नाही ना?’ ते खरेही होते. तिसऱ्यांदा बाबांचा तोल सुटला. चार माणसांदेखत ते त्याला म्हणाले, ‘शिकाऊ माणसाच्या हातात गाडी दिली ही माझीच चूक!’ त्यानंतर ते ज्याला त्याला हेच सांगत सुटले. सोसायटीतल्या दोघांनी आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली.

मे महिन्यातल्या एका दुपारी व्हायचे तेच झाले. तपासणी उरकून आजीला गावी सोडायला निघालेली गाडी खंबाटकीच्या ऐन चढावर बंद पडली. बाबा, सून, नात आणि आजी असे चौघे. रस्त्याच्या कडेला सावली नाही, वर ऊन, शेजारून धडधडत जाणारे ट्रक. नातीने आजीच्या डोक्यावर ओढणी धरली. अर्ध्या तासाने इंजिन थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. सून आणि नात चढाचा अवघड तुकडा पायी चढल्या, तेव्हा कुठे गाडी वर आली.

घरी पोचल्यावर आजी एवढेच म्हणाली, ‘अरे, माझाच भार झालाय त्या गाडीला. आता नको मला न्यायला. गोळ्या आहेत, तेवढं पुरे.’

ती रागावून बोलली असती तर बाबांना बरे वाटले असते. जूनमधली तपासणी चुकली. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे तिने फोनवर सांगितले आणि बोलता बोलता तिला लागलेली धाप बाबांना ऐकू आली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली गेली. तिथे दहा मिनिटांत निकाल मिळाला: इंजिन संपले, बोअर करावे लागेल, अठरा हजार. एक दलाल बावीस हजारांना गाडी घ्यायला तयार झाला. बाबांनी विकायचे जवळजवळ नक्की केले.

त्या संध्याकाळी बायको हिशेबाची वही घेऊन समोर बसली. ‘अहो, एक विचारू? गाडी गरम व्हायच्या आदल्या दिवशी घाट चढत होती ना?’

‘चढत होती.’

‘मग इंजिन चार दिवसांत कसं म्हातारं झालं? आमटी बिघडली तर आपण शेवटी काय घातलं ते आधी आठवतो. तुम्ही तर सगळा मसाल्याचा डबाच बदलत निघालात. त्या चार दिवसांत काय काय उघडलं होतं, ते कुणी बघितलं का?’

कुणीच बघितले नव्हते. ज्याने त्याने आपापल्या सवयीच्या भागावर बोट ठेवले होते. आणि ज्याने उघडले होते, त्याच्याशी बाबा बोलत नव्हते.

बायकोच्या माहेरच्या ओळखीतून एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींचे नाव कळले. सगळे त्यांना मामा म्हणत. वय सत्तरीच्या आसपास, कानात भिकबाळी, खिशात घडी केलेले फडके. रविवारी सकाळी ते आले आणि त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. कट्ट्यावर बसून चहा घेत अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. गाडी केव्हापासून ओढत नाही? थंड असताना की गरम झाल्यावर? धक्के देते की नुसतीच मंद चालते? धूर कोणत्या रंगाचा? बाबा उत्तरे देत होते, नात वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती.

‘धक्के नाहीत, फटफट नाही, धूर नाही. सगळ्या वेगांत सारखीच मंद,’ मामा म्हणाले. ‘एखादा प्लग गेला असता तर लंगडली असती. ही लंगडत नाही, थकलीये. आता आधी फुकटच्या गोष्टी बघू.’

या फुकटच्या गोष्टी कुठल्याही गाडीवाल्याने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. मामांनी जॅक लावून एकेक चाक उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. ब्रेक चिकटून राहिले असतील तर उत्तम इंजिनही रडते. चाके मोकळी फिरत होती. मग हँडब्रेक लावून, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडले, म्हणजे क्लच घसरत नव्हता. घसरत असता तर इंजिन चालूच राहिले असते. मग नातीला आत बसवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितले आणि कार्बोरेटरची झडप पुरती उघडते का ते पाहिले. दुरुस्तीत केबल सैल राहिली तर पाय तळाला टेकतो आणि झडप मात्र अर्धीच उघडते. तीही पुरती उघडत होती. एअर फिल्टर स्वच्छ होता. कुठला रबरी पाइप निखळला नव्हता.

‘आता पैशाची गोष्ट,’ म्हणत त्यांनी पिशवीतून कॉम्प्रेशन गेज काढले.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो आणि मग ठिणगी पडते. हा दाब जेवढा चांगला, तेवढी ताकद. मामांनी इंजिन गरम करून घेतले, तिन्ही प्लग काढले, ठिणगीची तार सोडवली, अॅक्सिलरेटर दाबून धरायला सांगितला आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवायला लावला. नातीने आकडे लिहिले: १३८, १४०, १३८ पौंड.

‘बघा,’ मामा म्हणाले, ‘गॅस्केट फुटलं असतं तर शेजारशेजारचे दोन पडले असते. एखादी वाल्व्ह जळली असती तर एकच पडला असता. इथे तिन्ही सारखे, आणि तिन्ही कमी. एका घरातल्या तिघांना एकाच दिवशी ताप आला तर आपण काय म्हणतो? पाणी बघा, म्हणतो.’

त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असतील तर तेलाने फट बुजते आणि आकडा चांगलाच वाढतो. इथे तो जेमतेम हलला. म्हणजे रिंगा ठीक होत्या. अठरा हजारांचे बोअरिंग तिथल्या तिथे रद्द झाले. बाबांना खाली बसावेसे वाटले.

‘आणि हेड घासलं होतं म्हणता. घासल्यावर दाब वाढला तर थोडा वाढेल, कमी कशाला होईल?’ मामा वाकून इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला पाहू लागले. तिथे डिस्ट्रिब्यूटर होता. ठिणगी कोणत्या क्षणी पडायची ते ठरवण्यासाठी तो थोडासा फिरवून बसवता येतो. त्याचा बोल्ट खाचेच्या अगदी शेवटच्या टोकाला आवळलेला होता. ‘हा एवढा का फिरवावा लागला? त्या पोराला बोलवा.’

बाबा गप्प राहिले. शेवटी नातच जाऊन त्याला घेऊन आली. तो हात पुसत आला आणि बाबांकडे न बघता उभा राहिला.

मामांनी त्याच्याच हातात पाना दिला आणि बेल्टवरचे झाकण काढायला लावले. आत दोन दातेरी चाके आणि त्यांवरून गेलेला रबरी पट्टा. हाच टायमिंग बेल्ट. खालचे चाक दट्ट्यांबरोबर फिरते, वरचे वाल्व्ह उघडते आणि मिटवते. खालच्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा एक व्हायचा, आणि दोघांची जोडी दाताला दात अशी जमलेली असायला हवी. म्हणून दोन्ही चाकांवर खुणा असतात. मुलाने खालची खूण जागेवर आणली. मामांनी फडक्याने वरच्या चाकावरचे काळे ग्रीस पुसले. वरची खूण तिच्या जागेच्या अलीकडेच थांबली होती. एक दात मागे.

मुलाचा चेहरा उतरला. आपल्या हातून काय झाले ते त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरच्यांना मात्र मामांनी समजावले. एक दात म्हणजे खालच्या चाकाच्या फेऱ्यातले पंधरा ते वीस अंश. वरचे चाक तेवढे मागे राहिले की वाल्व्ह उशिरा मिटतात. दट्ट्या मिश्रण दाबायला वर निघालेला असतो, तेव्हाही दार थोडे उघडेच असते आणि भरलेले मिश्रण काही प्रमाणात आल्या वाटेने परत जाते. उरलेल्यावर इंजिन चालते, पण उपाशी माणसाने ओझे उचलावे तसे. डिस्ट्रिब्यूटरही वरच्या दांड्यावरच फिरतो, त्यामुळे ठिणगीही उशिरा पडू लागते. मुलाने कानाने ऐकून डिस्ट्रिब्यूटर फिरवला आणि ठिणगी जागेवर आणली. त्यामुळे गाडी पहिल्या फटक्यात सुरू होऊ लागली आणि खरा दोष झाकला गेला. मोठ्या इंजिनाने ही चूक थोडीफार पोटात घातली असती. पण चाळीसच्या आतली अश्वशक्ती आणि खंबाटकीसारखा घाट, तिथे लपवायला जागा नव्हती.

‘पट्टा ताणताना चाक एक दात सरकतंच,’ मामा मुलाला म्हणाले. ‘आमच्याही हातून सरकायचं. म्हणून ताण दिल्यावर पान्याने, हाताने, खालचं चाक पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा परत बघायच्या. फिरवले होतेस दोन फेरे?’

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘नाही मामा. रात्रीचे आठ वाजले होते. काकांचे दुपारपासून सहा फोन आले. म्हटलं, चालू झाली, चांगली वाजतेय...’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तरी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बाबांना ते सहाही फोन आठवले. ‘उद्या आईला आणायचंय, तुझं काय चाललंय?’ हे वाक्य शेवटच्या फोनवर आपण कोणत्या सुरात म्हटले, तेही आठवले.

बेल्ट काढून पुन्हा बसवायचे काम मुलानेच केले. मामा फक्त शेजारी बसून राहिले. दोन फेरे हाताने झाले, खुणा पाहून झाल्या, डिस्ट्रिब्यूटर मधल्या जागी आला. गेज पुन्हा लावले: १७२, १७०, १७२. नातीने हे आकडे आधीच्या आकड्यांखाली लिहिले आणि खाली रेघ मारली. नवीन सामान काही लागले नाही. प्लग, वायरी, कार्बोरेटर आणि पंप यांवर गेलेले दोन हजार तीनशे साठ रुपये मात्र परत येणार नव्हते.

बाबा पैसे देऊ लागले तेव्हा मुलाने हात मागे घेतला. ‘माझी चूक होती, काका. कशाचे पैसे?’

‘तुझी चूक तू निस्तरलीस,’ बाबा म्हणाले. ‘माझी अजून राहिलीये.’

त्यांनी ती त्याच आठवड्यात निस्तरली. ज्या कट्ट्यावर त्यांनी त्या मुलाला नावे ठेवली होती, त्याच कट्ट्यावर त्याच माणसांना त्यांनी सगळी हकिगत सांगितली, सहा फोनांसकट. हे सांगणे सोपे नव्हते. रोखपालाला आपल्या हिशेबातली चूक चारचौघांत वाचून दाखवणे जेवढे जड जाते, तेवढेच ते जड गेले. दोन्ही गाड्या काही दिवसांनी गल्लीतल्या गॅरेजात परत दिसू लागल्या.

जुलैच्या पहिल्या शनिवारी बाबा आजीला आणायला गावी गेले. ती ओसरीवर बसून होती. ‘नको रे, पुन्हा मधेच...’ ती म्हणू लागली. बाबा म्हणाले, ‘आई, भार तुझा नव्हता. आतला एक दात मागे होता.’ तिला ते काय समजले कुणास ठाऊक, पण तिने पिशवी उचलली. तपासणी झाली, औषध बदलले, आणि डॉक्टरांनी एक महिना चुकवल्याबद्दल बाबांचे कान उपटले. परतताना पावसात भिजलेल्या खंबाटकीवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. आजीने हात जोडले.

ती गाडी पुढे आणखी पाच वर्षे त्या घरात होती. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८००चे उत्पादनच थांबले, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर ती विकली गेली. आजीच्या शेवटच्या तपासणीपर्यंत तिने साथ दिली होती. गल्लीतल्या गॅरेजात आता चार गाड्या उभ्या राहतात. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. बिघाड झाला की यंत्र जोडून पडद्यावर सांकेतिक क्रमांक वाचता येतो. तरीही पडद्यावरच्या क्रमांकावर विसंबून भाग बदलत सुटले की खिसा रिकामा होतो, हे तिथला मालक नव्या पोरांना सांगत असतो. एखादे गिऱ्हाईक फोनवर फोन करू लागले, तर तो शांतपणे म्हणतो, ‘काका, दोन फेरे राहिलेत. ते झाले की देतो.’